लाल गाडीची चकाकी

कित्येक रविवार मी बाबांच्या गाडीचा विटलेला लाल रंग पॉलिशने घासतेय. याच गाडीतून ते कारखान्याच्या गेटवर संपाच्या सभा घ्यायला जायचे. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. गाडी तरी ओळखतील, एवढीच माझी आशा. आज ती आरशासारखी झाली, तेव्हा त्यांना अंगणात आणलं.

"बाबा, कुणाची गाडी?"

"मालकाची. दुसऱ्या कुणाची एवढी चकाकते?"

"आपली आहे, बाबा."

"त्याला फितूर झालीस, पोरी?"

आपल्या माणसांच्या आठवणी आपण उजळायला जातो आणि त्या त्यांच्या राहतच नाहीत. बाबांनी मूठ गाडीवर उगारली. मी फडकं टाकलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहून माझीही मूठ वर केली.