त्र्यंबककाकांची दूधसाखर

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावात सगळे सॉफ्टवेअरवाले. त्यात माझी बायको शरयू फिजिऑलॉजिस्ट, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं ते अभ्यासणारी, पण लोक तिला फिजिओथेरपिस्ट समजून गुडघेदुखीवर व्यायाम विचारतात. ती मुकाट्याने सांगतेही. संताप मला येतो.

२००६ साली तिच्या लॅबमधल्या केमिस्ट मंडळींना आतड्यात एक नवं हार्मोन सापडलं. अन्न पोटात गेलं की हेच शरीराला इन्सुलिन सोडायला सांगतं, असा अंदाज होता. खरं ठरलं तर डायबेटिसवर औषध निघण्याची आशा. पण टेस्ट ट्यूब काही जेवत नाही. जिवंत माणसात ते दाखवून देणं शरयूकडे आलं. खाल्ल्यावर हार्मोन वाढायला हवं आणि उपाशीपोटी नसायला हवं.

सगळ्या व्हॉलंटियर्सचं तसंच आलं. फक्त आमचे शेजारी त्र्यंबककाका उपाशीपोटीसुद्धा हार्मोनने भरलेले! पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. बॉस म्हणाला, कारण सापडेपर्यंत पेपर थांबला. केमिस्ट म्हणाले, काकांना वगळून टाक.

"सोयीचे नाहीत म्हणून डिलीट करू?" शरयू माझ्यावरच डाफरली. तिची अन्नावरची वासना उडाली होती. ते बघून माझाही जीव टांगणीला लागला.

तिसऱ्या टेस्टला काकांना न्यायला ती स्वतःच निघाली. ड्राइव्ह करायला मी. काका आंघोळ करून देवापुढे बसले होते. त्यांनी दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला, डोळे मिटून नमस्कार केला आणि अख्खी वाटी तोंडाला लावली.

"काका! काही खाल्लं नाही म्हणालात ना?"

"नाहीच खाल्लं. चहासुद्धा नाही," काका दुखावून म्हणाले. "हा रोजचा प्रसाद आहे."

शरयू मटकन सोफ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. काकांना मिठी मारावी की त्यांची मान मुरगळावी, मला कळेना.

"टेस्ट उद्या करू. पूजा टेस्टनंतर, प्लीज," शरयू म्हणाली.

"देवाला ताटकळत ठेवू?"

"माझ्यातर्फे सॉरी म्हणा."

दुसऱ्या दिवशी काकांचं हार्मोन चारचौघांसारखं, नसल्यातच जमा. शरयूने फोनवर नुसतं "आलं!" म्हटलं आणि मला हायसं वाटलं.

संध्याकाळी काका वाटी घेऊन दारात हजर. शरयू देवबिव मानत नाही. पण तिने वाटी घेतली आणि उभ्याउभ्या संपवली.

"हे मात्र खाणं धरायचं हं, काका," ती म्हणाली आणि मला पोळ्या गरम करायला सांगितल्या.