बोटभर

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर लिंबायतच्या एका कारखान्यात साड्यांचे माग दुरुस्त केले. जे हलतं ते कसायचं, हा त्यांचा एकच धर्म. त्यांच्या दुखऱ्या कमरेसाठी मी सीटखाली शॉकअप असलेली जुनी माउंटन बाइक आणली, तर त्यांनी पहिलं काम काय केलं? स्प्रिंगवरची चकती शेवटपर्यंत कसून टाकली. सायकल पाटासारखी कडक झाली.

"आबा, ती दबायला पाहिजे."

"ढिलं र्‍हायनं ते धागा तुटस," आबांनी ठासून सांगितलं.

मग मीच मोबाइलवर बघून शिकले. माणूस सीटवर बसला की त्याच्या वजनाने शॉकअप थोडा दबला पाहिजे. आबांच्या सायकलला ते माप माझ्या एका बोटाच्या रुंदीएवढं आलं. दर रविवारी, माग बंद असले की, ते भिंतीला हात टेकून सीटवर बसायचे आणि मी वाकून बोट लावायचे. गल्लीतले हसायचे, म्हातारपणी हौस बघा म्हणायचे. आबांना ते आवडायचं. मलाही.

एका रविवारी आबा बसले तरी शॉकअप बोटभर दबेना. "स्प्रिंग गंजनी," आबा म्हणाले. मी चकती एक फेरा सैल केली, माप जमलं. पुढच्या रविवारी पुन्हा एक फेरा, मग दर रविवारी एक. त्यांची पँट कमरेवर ठरत नव्हती, ताटात भाकरी उरत होती, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण सायकल दुरुस्त करणं मला सोपं वाटलं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. चकती सुटून हातात यायची वेळ आली, तेव्हा कुठे त्यांना दवाखान्यात नेलं.

"इतने दिन क्या कर रहे थे?" डॉक्टर माझ्यावर चिडले.

दिवाळीआधीच आबा गेले.

गेल्या आठवड्यात मी ती सायकल बाहेर काढली. बसले तर शॉकअप पार खाली टेकला. पाना घेऊन चकती कसायला लागले आणि उगाच फेरे मोजत गेले. आठव्या फेऱ्याला ती तिच्या जुन्या, पहिल्यांदा बोटभर माप जमलं होतं त्या जागेवर आली. तिथे अजून ग्रीसची काळी खूण होती.

आठ फेरे. आठ रविवार आबा माझ्यासमोर बसले होते, आणि मी त्यांच्याकडे न बघता खाली बोट लावत होते.