आधी वरचं बूच

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या शेजारच्या ड्रायव्हर चाचांचं नाव घेतो, आईवडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक होतं आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती म्हणायची, "आमी जन्म दिला. पण बी.ए. त्यांनी केलं."

वाशी या लहानशा गावात आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच मातीची भिंत होती. चाचा एका आडतवाल्या शेठची पिकप चालवत. महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली ती गाडी. गावात तिला सगळे 'मिल्ट्री' म्हणत. आठवड्यातून एकदा चाचा ज्वारी-करडईची पोती घेऊन सोलापूरला जात. मी तिथं कॉलेजात होतो. तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, माल उतरवून झाला की ते आईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं घेऊन वसतिगृहावर येत. मी जेवेपर्यंत पायरीवर बसून राहत आणि रिकामं फडकं झटकून, घडी घालून परत नेत.

आमच्या शाळेत सुरुवातीला, संस्थानी राजवटीत, उर्दू होती; संस्थानाच्या विलीनीकरणानंतर मराठी आली. या सगळ्यात इंग्रजी कच्चंच राहिलं. इंटरला मी इंग्रजीतच नापास झालो. ट्रंक उचलली आणि मोंढ्यात जाऊन चाचांच्या गाडीजवळ उभा राहिलो. आता घरी जायचं, वडिलांबरोबर वीटभट्टीवर राबायचं, असं ठरवूनच गेलो होतो.

चाचांनी ट्रंककडं पाहिलं. म्हणाले, "जागा न्हाय."

पोती उतरलेली होती. मागं घडी केलेली ताडपत्री तेवढी पडली होती.

"चाचा, गाडी तर मोकळी आहे."

"गाडी माझी का तुझी? जागा न्हाय म्हटलं ना. पास झालास की जागाच जागा."

आणि गाडी चालू करून खरंच निघून गेले. मी ट्रंक घेऊन वसतिगृहावर परतलो. पुढच्या वर्षी इंटर झालो, त्यानंतर दोन वर्षांनी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिलाच. त्या खेपेला चाचांनी मला पुढं शेजारी बसवून वाशीला आणलं आणि वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की गाडी हळू केली.

हे सगळं सांगितलं, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

तो उन्हाळा मी शिक्षकाच्या नेमणुकीची वाट पाहत घरीच काढला. त्याच दिवसांत मिल्ट्रीचा गिअरबॉक्स ओरडायला लागला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी विव्हळायची की ती वेशीत आली की गल्लीला कळायचं. शेठ म्हणाले, सोलापूरच्या गॅरेजात टाकू. चाचा म्हणाले, "गॅरेज कशाला? आतलं तेल जळलंय. नवं तेल आणा, मी घरीच बदलतो."

चाचांच्या हाताला गुण आहे असं गावात म्हणत. पाणी ओढायचे पंप, पेट्रोमॅक्स, शिंपीकाकांचं शिलाईचं मशीन, सगळं त्यांच्याकडं येई. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? शेठ म्हणाले, "बघा बरं. परवा सकाळी माल भरायचा आहे. गाडी उभी राहिली तर पुन्हा तुमच्या हातात पाना द्यायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी चाचांनी गाडी गावाबाहेर एक फेरी मारून आणली. तेल गरम झालं की पातळ होतं आणि सगळी घाण घेऊन बाहेर येतं, म्हणाले. मग अंगणात गाडी लावून त्यांनी पायफळीवर थाळीत पाणी ठेवलं. पाणी एका कडेला सरकलं. एका चाकाखाली चपटा दगड सरकवून पाणी सारखं झाल्यावर ते समाधानानं उठले. गाडी कलती असेल तर तेलाचं माप चुकतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग त्यांनी सीटखालच्या पेटीतून एक पुस्तक काढलं. गाडीबरोबर लष्कराकडून आलेलं, इंग्रजी, तेलाचे डाग पडलेलं. इतकी वर्षं ते कुणी उघडलं नव्हतं. चाचांना तर कुठल्याच लिपीतलं अक्षर येत नव्हतं.

"आता घरात बी.ए. हाय," ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आज पुस्तकाप्रमाणं काम."

शिंपीकाका समोरच्या ओट्यावर मशीन घेऊन बसत. तिथूनच ते म्हणाले, "चाचा, आता गाडीशी पण इंग्रजीत बोलावं लागतंय व्हय?"

"तुमचं मशीन मराठीत बोलतंय, म्हणून तर धागा तोडतंय."

चाची दारातून म्हणाल्या, "पहिले घमेलं घ्या खाली. अंगण मी सारवलंय, इंग्रजानं न्हाय."

सगळे हसले. मी पान शोधलं. आकृतीत गिअरबॉक्सला दोन बुचं दाखवली होती. तळाशी एक, जुनं तेल सोडायचं. बाजूला वर एक, नवं तेल भरायचं. चाचा गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली सरकले.

"आधी वरचं ढिलं करून घेतो," खालून आवाज आला.

पुस्तकातली पहिली ओळ तेल सोडायची होती. गल्ली ऐकत होती. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "नाही चाचा. पुस्तकात आधी खालचं काढायला सांगितलंय."

खालून पाना ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तसंच लिहिलंय?"

"व्हय."

"मग तसंच. पुस्तकापेक्षा मी काय शहाणा?"

खालचं बूच निघालं. काळं, जाड तेल घमेल्यात पडलं. चाचांनी ते बोटांवर चोळून उन्हात धरलं. त्यात पितळेची बारीक चमक होती. "बघ, हेच विव्हळत होतं." शेवटचा थेंब पडेपर्यंत ते थांबले, बूच पुसलं आणि पुन्हा घट्ट बसवलं. मग वरच्या बुचाला पाना लावला.

ते हलेना. कितीतरी वर्षांत उघडलेलं नसावं. चाचांनी पान्याला नळी लावून जोर केला. पाना सटकला आणि बुचाच्या कडा गोल झाल्या.

आता आतलं तेल गेलेलं आणि नवं घालायला वाट नाही. गाडी जागची हलवता येईना. कोरडा गिअरबॉक्स फिरवला तर दाते जातात. चाचा बाहेर आले, हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "उपाशी बसली बिचारी."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. काहीतरी उपाय सापडेल म्हणून. त्याच पानाच्या तळाशी, चौकटीत, बारीक टाइपात दोन ओळी होत्या. तेल सोडण्यापूर्वी भरायचं बूच निघतंय याची खात्री करून घ्यावी. त्यावर डाग होता, पण अक्षरं वाचता येत होती. मी ती वाचलीच नव्हती. पहिली ओळ पटकन कळली आणि ती मोठ्यानं सांगायची मला घाई झाली होती.

मी पुस्तक मिटलं आणि काहीच बोललो नाही.

दुपारभर चाचांनी बुचाला एरंडेल आणि रॉकेल लावून ठेवलं, मग पुसून काढलं. चाचींनी चुलीत तापवलेला चिमटा आणून दिला. त्यानं बूच शेकलं. ते काही निघालं नाही. दिवस मावळताना चाचांनी हत्यारं गोळा केली. "रातभर तेल मुरू दे," म्हणाले आणि पुन्हा एरंडेल लावलं.

सकाळी गाडी आली नाही म्हणून शेठ स्वतःच अंगणात आले. मी पुस्तक काखेत धरून उभा होतो.

"हे काय? तेल काढलंय आणि भरायचं बूच बंद? कुणी केलं हे?"

मी तोंड उघडणार होतो. उघडणार होतो असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. चाचा माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्याच केलं, शेठ. उलटं केलं. चुकलं."

"इतकी वर्षं गाडी चालवली आणि खालचं-वरचं कळंना?"

चाचा वाकून घमेलं बाजूला सारू लागले. शिंपीकाकांचं मशीन थांबलं होतं.

त्या दिवशीचा माल दुसऱ्याच्या लॉरीनं गेला. दुपारी चाचांनी छिन्नीनं बुचाला खाच पाडली, हातोडीनं हळूहळू ठोकत ते फिरवलं आणि एकदाचं काढलं. गाडीत पायाखालची फळी उचलून मी वरून नरसाळं धरलं, रबरी नळीतून नवं तेल आत गेलं. भोकातून तेलाची धार परत बाहेर आली तेव्हा चाचा म्हणाले, "पोट भरलं." नवं बूच गावात मिळणार नव्हतं, म्हणून त्यांनी जुनंच कानस मारून बसवलं. गाडी चालू केली. दुसरा गिअर पडला. विव्हळणं गेलं होतं. इतकी गप्प गाडी आम्ही कधी ऐकली नव्हती.

पण शेठनी बोललेलं खरं केलं. चावी चाचांकडं राहिली, हत्यारांची पेटी मात्र आडतीत नेऊन ठेवली. बारीकसारीक कामालाही गाडी गॅरेजात जाऊ लागली. गल्लीनंही एक वाक्य उचललं. चाचा दिसले की शिंपीकाका विचारत, "चाचा, आज आधी खालचं का वरचं?" चाचा सगळ्यांबरोबर हसत. महिनाभरानं शिंपीकाकांचं मशीन अडलं, तेव्हा ते त्यांनी एस.टी.त घालून बार्शीला नेलं. त्या दिवशी चाचा ओट्याकडं पाठ करून बसलेले मी पाहिले.

पावसाळ्याच्या तोंडाशी मला सास्तूरच्या शाळेत नेमणूक मिळाली. चाचा मला एस.टी.पर्यंत सोडायला आले. गाडी हलायच्या वेळी त्यांनी खिडकीतून ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"आमी घेऊन काय करू? तू वाचतोस, तूच ठेव."

टोमणा नव्हता तो. चाचांना टोमणा मारायचा असता तर त्यांनी तो हसत, चारचौघांत मारला असता.

सास्तूरला मी शब्दकोश शेजारी घेऊन ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पत्र लिहायला बसलो. चाचांच्या घरी आलेलं पत्र कोण वाचतं, हे मला माहीत होतं. शिंपीकाका, आपल्या ओट्यावर बसून. आणि निम्मी गल्ली ऐकायला जमते. म्हणून दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं:

चाचांना आणि चाचींना माझा नमस्कार.

मी इथं सुखरूप आहे. शाळेला दोन खोल्या आहेत, मुलं चांगली आहेत. जेवणाची सोय एका घरी झाली आहे, पण भाकरी आईच्या हातची नाही.

शिंपीकाका, यापुढचं जरा मोठ्यानं वाचा. चाचांसाठी नव्हे, त्यांना बरंचसं ठाऊक आहे. ओट्यावर जे बसले असतील त्यांच्यासाठी.

मिल्ट्रीचं तेल बदललं त्या दिवशी चाचा आधी वरचंच बूच काढणार होते. मी त्यांना थांबवलं. पुस्तकात खालचं लिहिलंय असं मी सांगितलं. ते बरोबर नव्हतं. पुस्तकात चाचा म्हणाले तेच लिहिलेलं आहे, त्याच पानावर, खाली. मी अर्धंच वाचलं होतं. चूक माझ्या लगेच ध्यानात आली, पण तुम्ही सगळे बघत होता म्हणून मी बोललो नाही. सकाळी शेठ आले तेव्हाही बोललो नाही. चाचांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली. तेव्हा इथून पुढं आधी खालचं का वरचं, हे विचारायचं असेल तर मला विचारा. दिवाळीच्या सुट्टीत मी येणार आहे.

शिंपीकाका, तुमचं मशीन बार्शीहून आल्यावरही धागा तोडत असेल तर ते चाचांना दाखवा.

शेठनाही मी वेगळं पत्र लिहिलं आहे आणि पुस्तकातलं ते पान मराठीत करून त्यासोबत जोडलं आहे. हत्यारांची पेटी परत द्यावी अशी विनंती केली आहे. ते काय करतील ते मला सांगता येत नाही.

चाचा, सोलापूरला तुम्ही मला गाडीत जागा दिली नाहीत म्हणून मी आज इथं आहे. त्यानंतर तुमच्या अंगणात मी बी.ए. असल्यासारखा वागलो, पण शिकल्यासारखा वागलो नाही. मला माफ करा. पुस्तक मी जपून ठेवलं आहे. दिवाळीला येताना आणीन. तेव्हा गाडीखाली तुम्ही जा, मी वरून पूर्ण पान वाचेन, आणि तुम्ही नाही म्हणालात तर तुमचंच ऐकेन.

चाचींनी अंगण सारवलं असेल. तेलाचा डाग गेला का, ते कळवा.

तुमचा,
शेजारच्या घरातला