दहा माठ आणि एक नारळ

दहापैकी दहा. देवराव अण्णांनी एकही माठ चुकवला नाही आणि शाळेच्या मैदानावर टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यात आधी सरपंच सुनीताताईंनी वाजवल्या.

मी जालन्यात राहते, भूजल सर्वेक्षणाचं काम करते. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, थोडा करंट सोडायचा आणि खालचा खडक त्याला किती अडवतो ते मोजायचं. ओला, भेगाळलेला खडक कमी अडवतो, कोरडा काळा पाषाण जास्त. याला रेझिस्टिव्हिटी सर्व्हे म्हणतात. देवराव अण्णा पाणाडे, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालतात. नारळ उभा राहिला की तिथे पाणी.

मंठ्याजवळच्या या गावाला एकच बोअर मंजूर झालं होतं. आधीचं कोरडं गेलेलं, आणि त्याचं खापर सुनीताताईंवर फुटलेलं. गाव टँकरवर होतं. माझ्या मशीनने ओढ्याकाठची जागा दाखवली, अण्णांच्या नारळाने वरच्या माळावरची. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी खोदता येणार होतं.

तालुक्यात आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. कुणी चमत्काराचा दावा केला की आम्ही त्याला चाचणी देतो. भांडत नाही. गटातले साळवे सर हायस्कूलला विज्ञान शिकवतात. चाचणीची मांडणी त्यांचीच होती: कुंभाराकडून आणलेले दहा कोरे माठ, पाच भरलेले, पाच रिकामे, प्रत्येकावर मोठं पोतं. सकाळी घाई नको म्हणून सरांनी माठ आदल्या संध्याकाळीच भरून ठेवले होते.

नुसत्या अंदाजाने दहाही बरोबर येणं अडीचशे वेळांत एखाद्या वेळी घडेल. मी सुनीताताईंना तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग झालं तर," त्या म्हणाल्या. "उद्या माळावर बोअरची गाडी लावते."

मी फक्त पोती उचलून बघण्याची परवानगी मागितली.

पाच माठांखालची माती काळी पडली होती. पाचांखालची कोरडी होती. कोरा माठ पाझरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. आमच्या गटात दोन पदवीधर आणि एक डॉक्टरेट आहे.

सुनीताताईंनी वाकून माती चिमटीत घेतली. मग साळवे सरांकडे वळल्या. "सर, पोरांना पेपर देताना उत्तरं बी संगं देता का?"

सरांनी चष्मा पुसायला काढला.

अण्णांवर लबाडीचा संशय घ्यायला मात्र जागा नव्हती. ते म्हणाले, "मी खाली बघतच न्हाई मॅडम. माझं ध्यान नारळावर." ते खरं होतं, मी पूर्ण वेळ त्यांच्यावर नजर ठेवून होते. पण त्यांचा एक नियम आहे. खाली गंगा असते, म्हणून पाणी बघताना पायात चप्पल घालायची नाही. प्रत्येक माठापाशी ते पोत्याच्या कडेवर अनवाणी उभे राहत होते. गारवा पायाला कळला. पायाला कळलं ते हाताने ऐकलं. आपले स्नायू आपल्या नकळत हलतात, आणि नारळासारखी गोल वस्तू तेवढ्यानेही उठते.

अण्णांना जिंकलेलं पदरात घेऊन घरी जाता आलं असतं. पण तेच म्हणाले, "पुन्हा मांडा. उद्या कुणी म्हणायला नको की अण्णानं चोरून पाहिलं."

या वेळी झाकणाचे प्लास्टिकचे कॅन घेतले. पाचांत पाणी, पाचांत तेवढ्याच वजनाची वाळू. गटातल्या दोघांनी ते वर्गात भरले, पोत्याखाली ठेवले आणि निघून गेले. मैदानावर उरलेल्यांपैकी कुणालाच उत्तर माहीत नव्हतं. माहीत असलेल्याचा चेहरा बोलतो, म्हणून ही काळजी.

अण्णांनी पाण्याचे म्हणून पाच कॅन सांगितले. दोन बरोबर निघाले. डोळे मिटून बोट ठेवलं तरी साधारण तेवढेच येतात.

कुणी टाळी वाजवली नाही. अण्णांनी नारळ उपरण्यात गुंडाळला.

मला वाटलं, काम संपलं. सुनीताताई माझ्याकडे वळल्या. "अण्णांचं झालं. तुमची मशीन खरी कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. मी कागद मागितला आणि लिहून दिलं: ओढ्याकाठी, एकशे दहा फुटांच्या आसपास, भेगाळलेला खडक. खाली लिहिलं की खात्री नाही, शक्यता चांगली आहे. कोरडं गेलं तर ग्रामसभेत येऊन तसं सांगेन. सही केली. ताईंनी कागद घडी करून अण्णांकडे दिला. "तुम्हीच सांभाळा," म्हणाल्या. चलाख बाई.

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी लागली. एकशे दहा फुटांवर पांढरी धूळ. एकशे वीसला धूळ. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. एकशे चाळीसला चिखल उडाला आणि मागोमाग पाणी. दोन इंची धार, गावाला पुरेल एवढी. बाया हंडे घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. गाडीवाल्याने मशीन बंद करायच्या आत चार हंडे भरले गेले.

अण्णांनी खिशातून कागद काढला आणि चारचौघांत मोठ्याने वाचला. "मॅडम, तीस फूट चुकल्या तुम्ही."

"चुकले," मी म्हणाले. ते त्यांनी त्याच कागदावर माझ्याकडून लिहून घेतलं. तो आता ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

आमच्या गटाने त्यानंतर एक नियम केला. कुणाचीही चाचणी घेण्याआधी ती चाचणी आपल्यातल्याच एकाने लबाडी करून पास होऊन दाखवायचा प्रयत्न करायचा. झाला पास, तर मांडणी बदलायची. साळवे सरांना हे काम मनापासून आवडतं.

महिन्याभराने अण्णांचा फोन आला. भावाच्या शेतात पाणी बघायचं होतं, मशीन घेऊन याल का, म्हणत होते. मी विचारलं, नारळाने बघितलं नाही का?

"बघितलं की," अण्णा म्हणाले. "एकदा अनवाणी, एकदा चप्पल घालून. दोन्ही जागा येगळ्या निघून राह्यल्या. तुम्ही या."