ताईचा नेम आणि मानवतची पुरणपोळी

मानवतला जायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं. दिवाळीची सुट्टी संपत आली होती, मित्रांबरोबर सिंहगडाचा बेत पक्का झाला होता आणि आईनं फर्मान काढलं, "दिनू, ताईच्या उद्यापनाला माहेरचं कुणीतरी हवं. तू जाऊन ये."

ही गोष्ट मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता, तेव्हाची. मी कॉलेजात होतो. थोरली ताई मानवतला दिलेली. भाऊजी तिथल्या शाळेत मास्तर. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच ताईचं पोट बिघडलं ते बिघडलंच. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, जुलाब सुरू व्हायचे, हातापायाच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. वैद्यांनी संग्रहणी म्हटलं. काढे झाले, ताक झालं, पर्पटी झाली. शेवटी तिनं चातुर्मासाचा नेम धरला. आवडीचा एक पदार्थ आषाढात सोडायचा आणि कार्तिक द्वादशीला तो देवाला दाखवून, ब्राह्मणाला वाढून, मग आपण खायचा. या खाण्यालाच उद्यापन म्हणायचं. ताई पोळीवेडी, म्हणून तिनं गहू सोडला होता. गहू म्हणजे कणीक, रवा, शेवया, सगळंच. आणि भाऊजींचं पत्र आलं होतं की तब्येत सुधारते आहे.

आता जाणार असाल तर पुण्याहून मानवत रोडला सरळ जाता येतं. आम्हाला दौंडला एकदा आणि मनमाडला एकदा गाडी बदलावी लागे. मनमाडपासून छोटी गाडी. ती इतक्या सावकाश जायची की रुळाकडेच्या बाभळीसुद्धा ओळखीच्या होत. मी तिसऱ्या वर्गाच्या बाकावर आईनं बांधून दिलेलं पोळ्यांचं फडकं सोडलं. समोर घोंगडी पांघरलेला एक मेंढपाळ आणि त्याची बायको बसली होती.

"कुटं जायलाव?" त्यानं विचारलं.

"मानवतला."

"लगीनघरातून आलाव का काय? पोळ्या हायत म्हनून इचारलं."

"नाही हो, आमच्याकडे रोजच असतात."

"रोज?" त्यानं बायकोकडे पाहिलं. "मंग लय मोठी मान्सं तुमी. आमाला पोळी सनाला, न्हाईतर आजारी पडल्यावर."

बायको हसली आणि तिनं मला अर्धी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी दिली. मी पोळी दिली. या अदलाबदलीत फायदा माझाच झाला, कारण तसली भाकरी मी पुण्यात कधी खाल्ली नव्हती. त्याचं ते 'आजारी पडल्यावर' मात्र मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मानवत रोडला उतरून टांगा केला. रस्ता धुळीचा, पण कापसाचा हंगाम होता. गाड्यांच्या रांगाच्या रांगा बाजाराकडे चाललेल्या, बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकलेले. हा भाग बघायचा तर कार्तिकातच बघा, असं मी आजही सांगतो.

दारात ताई उभी होती. मी तिला ओळखलंच नाही! गेल्या खेपेला जिला धरून उठवावं लागायचं ती बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन चटचट पायऱ्या उतरत होती. गाल भरलेले. मी तिथेच उभा राहिलो.

"काय बघतोयस खुळ्यासारखा? पाय धू," ती म्हणाली.

मला रडूच फुटलं, सरळ सांगतो.

ताईच्या सासूला सगळे जिजी म्हणत. ठेंगणी, बोलकी बाई. सुनेवर जीव इतका की घरात बाकी सगळे भाकरी खात आणि एकट्या ताईसाठी बाजारातून निवडून गहू आणला जाई.

"भाकर जड असती हो दिनकरराव," जिजी मला सांगत होत्या, "आजाऱ्याला पोळीच हलकी. नेमाचे चार महिने सोडले तर वर्षभर तिला दुधात पोळी, सांजा, लापशी. पण गुण आला तो नेमानं."

मग त्यांनी आवाज खाली आणला. गेल्या वर्षीही ताईनं हाच नेम केला होता. दिवाळीपर्यंत अशीच टवटवीत झाली होती आणि उद्यापनानंतर पुन्हा अंथरुणाला खिळली होती.

"उद्यापनात कायतरी चुकलं आमचं," जिजी म्हणाल्या. "औंदा कसूर ठेवायची न्हाई."

खरोखरच ठेवली नाही. द्वादशीला पहाटेपासून पुरण शिजत होतं. नैवेद्य झाला, ब्राह्मण जेवून उठले. मग ताईला पाटावर बसवून भोवती रांगोळी काढली. जिजींनी तुपात भिजलेला पुरणपोळीचा पहिला घास आपल्या हातानं तिला भरवला. ताईनं डोळे मिटून खाल्ला. भाऊजी कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. "अजून एक, माझ्या नावानं," असं प्रत्येकजण म्हणत गेला. मीही भरवला. इतकं आनंदानं भरलेलं घर मी फार कमी वेळा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईला उलटी झाली. रात्री जुलाब सुरू झाले. जिजींनी लगेच हलकं म्हणून दुधात पोळी कुस्करून दिली, सकाळी सांजा. नेम संपलाच होता. तिसऱ्या दिवशी ताईचे डोळे खोल गेले होते. मी हाक मारली तर नुसते ओठ हलले. ज्या बाईला मी चार दिवसांपूर्वी पायऱ्या उतरताना पाहिलं होतं तीच ही, हे मला पटेना. मी अक्षरशः हबकून गेलो.

बैलगाडीत गवत अंथरून तिला स्टेशनवर नेलं आणि गाडीनं परभणीला. भाऊजी, जिजी आणि मी. हैदराबादेत शिकून आलेले एक डॉक्टर तिथे होते. त्यांनी आधी सलाईन लावलं, नाडी जरा सुधारल्यावर आम्हाला समोर बसवलं.

"बाईंना बरं कधी वाटत होतं?"

"चातुर्मासात," भाऊजी म्हणाले.

"तेव्हा काय वेगळं होतं?"

"काही नाही. नेम होता. गहू सोडला होता."

डॉक्टरांनी हातातला चहा खाली ठेवला. "आणि गेल्या वर्षी?"

"तोच नेम."

"उद्यापनाला काय खाल्लं?"

भाऊजींनी जिजींकडे पाहिलं. आम्हा तिघांना एकदमच कळलं असावं.

डॉक्टर म्हणाले, "हल्ली परदेशातले डॉक्टर लिहायलेत. गव्हात एक चिकट अंश असतो, कणकेला ताण येतो तो त्याचाच. काही माणसांच्या आतड्याला तो चालत न्हाई. आतड्याचं अस्तर खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत न्हाई. सगळ्यांना होत न्हाई हे, तुमी-आमी खुशाल खाऊ. पक्कं सांगायला माझ्याकडं तपासणी न्हाई. पण यांनी दोनदा गहू सोडला, दोनदा सुधारल्या. दोनदा खाल्ला, दोनदा पडल्या. याला दवा न्हाई, परहेज हाय. जन्माचा."

"ज्वारी?" भाऊजींनी विचारलं.

"ज्वारी, बाजरी, तांदूळ, काय पण खाऊ द्या."

जिजी म्हणाल्या, "आमी सगळे भाकर खायचो, अन् हिला एकटीला... डॉक्टरसाहेब, मी माझ्या हातानं भरवलं की हो!" आणि त्यांनी तो उजवा हात पदराखाली झाकून घेतला. तो हात मला अजून दिसतो.

ताई आठवड्यानं उठून बसली. परतीच्या गाडीत तिचं डोकं जिजींच्या मांडीवर होतं. पेडगावला गाडी उगीचच थांबून राहिली. तिथे जिजींनी मनातलं बोलून दाखवलं.

"जन्माचा नेम म्हंता. पण उद्यापनाबिगर नेम अर्धा ऱ्हातो. अर्ध्या नेमाचा दोष कुणाला लागंल? हिलाच ना?"

भाऊजींनी आजाऱ्याला दोष लागत नाही असं शास्त्र सांगायला सुरुवात केली, पण त्यांचं त्यांनाच पटत नव्हतं. मी खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत बसलो. मला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. देवाची काळजी म्हणून ही प्रेमळ बाई पुढच्या कार्तिकात पुन्हा एक घास भरवणार. एकच, नावापुरता.

पुण्याला आलो तेव्हा आई कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. आधी तिनं विश्वासच ठेवला नाही. "पोळीनं कुणी आजारी पडतं का?" मग तिचे हात थांबले. "लहानपणी तिचं पोट सारखं दुखायचं रे. मी तिला दूधपोळीच द्यायचे." ती परात तशीच ठेवून आत गेली. त्या रात्री आमच्याकडे भात झाला.

आता या दुखण्याला नाव आहे, रक्ताची तपासणी आहे. कुणाला शंका असेल तर गहू सोडण्याआधी डॉक्टरकडे जा, कारण आधीच सोडला तर तपासणीत कळत नाही. प्रवासात हिंगही विचारून घ्या, त्यात कणीक असू शकते. आणि परभणीकडे गेलात तर निर्धास्त जेवा. भाकरी चांगली मिळते, फक्त परातीला कणीक लागलेली नाही ना, तेवढं पाहा.

पुढच्या कार्तिकात मी न बोलावता मानवतला गेलो. पहारा करायला, दुसरं काय! घरात गव्हाचा दाणा नव्हता. जिजींनी स्वतःही सोडला होता. द्वादशीला त्यांनी देवापुढे नुसत्या पुरणाची वाटी ठेवली, ताईला शेजारी बसवलं आणि उधारीला मुदत मागावी तसं देवाला म्हणाल्या, "औंदा उद्यापन जमत न्हाई बाबा. फुडच्या साली करू."

पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. जिजी गेल्या त्या वर्षी कार्तिकात ताईनं मला फोन करून विचारलं, "आता कोण सांगणार रे देवाला?"

"तू सांग," मी म्हणालो.

ताई आता नव्वदीला टेकली आहे. परवाच्या द्वादशीला मी मानवतलाच होतो. काठी टेकत ती देवापुढे आली, पुरणाची वाटी ठेवली आणि अगदी जिजींच्या आवाजात म्हणाली, "औंदा जमत न्हाई बाबा. फुडच्या साली करू."