दोर हलला होता

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे मी भलतंच काहीतरी मागत बसते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नाही. कुठून सुरुवात करू?

माझं माहेर पाथर्डीकडचं, कोरड्या रानातलं. दिलं शेवगाव तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. सासरची लोखंडी बोट — माणसं, मोटारसायकली, शेळ्या पलीकडच्या काठाला सोडायची. लग्न होऊन आले तेव्हा मला गुडघाभर पाण्यातही धडकी भरायची. सासरच्या पोरीबाळी बोटीवरून सरळ उड्या टाकायच्या आणि मी काठावर पदर आवळून उभी. धाकट्या दिराने, विलासने, माझं नावच ठेवलं — कोरडवाहू वहिनी.

प्रेमाने ठेवलं होतं हो. त्या घरात मी जेवले की नाही हे विचारणारा तो एकटाच होता. पण नाव गावभर झालं. मी हसायचे. आत मात्र — काय व्हायचं आत? एवढंच सांगते, की त्याला एकदा पाण्याला भ्यालेला बघायचा होता मला.

बोट सदा पाण्यात. तिच्या बुडाला शेवाळ धरतं, बारीक शिंपल्या चिकटतात, मग ती जड चालते आणि डिझेल पिते. एवढं धूड बाहेर काढायचं म्हणजे क्रेन लागते. म्हणून बूड पाण्यातच साफ करायचं, आणि ते काम विलासचं. कमरेला दोर बांधायचा, खुरपं नि काथ्याचा ब्रश घ्यायचा, दम कोंडून बोटीखाली शिरायचं, उताणं होऊन खरवडायचं. दोराचं दुसरं टोक वर बोटीत उभ्या माणसाच्या हातात. एक हिसका म्हणजे सैल सोडा. लागोपाठ दोन म्हणजे ओढा. यात न कळण्यासारखं काय आहे?

त्या दिवशी दोर माझ्या हातात होता. नवरा इंजिनाचा पार्ट आणायला नेवाशाला गेलेला. आणि विलासला बघायला सोनईचे पाहुणे आलेले, मुलीचे वडील आणि मामा. सासूबाई घरात पोह्यांचं बघत होत्या. पाहुणे चहाचे कप घेऊन काठावरच आले. म्हणाले, चालू द्या तुमचं काम, आम्ही बघतो. विलासही जरा रंगात आला. पाण्यात उतरताना माझ्याकडे बघून म्हणाला, "कोरडवाहू, दोर सोडू नका बरं का. न्हाईतर हळद लागायच्या आधीच वाहून जाईन मी."

मामाने विचारलं, कोरडवाहू म्हणजे? विलासने सांगितलं. दोघेही पाहुणे माझ्याकडे बघून हसले.

तो खाली गेला. खरवडल्याचा आवाज लोखंडातून माझ्या तळपायांत येत होता. वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. मग आवाज थांबला. आणि दोर हलला.

दोन हिसके. स्पष्ट. मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी ओढला नाही. गोंधळले होते का? नाही. दोर घट्ट धरून उभी राहिले आणि पाहुण्यांकडे बघितलं. राहू दे थोडा खाली, असं मनात आलं. वर येईल तो डोळे पांढरे करून, तोंड वासून. यांनाही बघू दे. पुन्हा हिसके आले — इतक्या जोरात की तळहात सोलला. मग तेही थांबले आणि खालून ठोके सुरू झाले. तो मुठीने बोटीचं बूड ठोकत होता, बरोबर माझ्या पायांखाली. ते ठोके ऐकताना मला काय वाटलं? बरं वाटलं.

दोर बोटीच्या बुडाखालच्या पंख्यात गुंतला होता, हे नंतर कळलं. पण माणूस खालून बूड ठोकतो ते कशासाठी, हे काय नंतर कळायची गोष्ट आहे? शेवटी त्याने खुरप्यानेच दोर कापला. माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला. बोटीच्या पलीकडून तो वर आला तो कडेवर डोकं आपटूनच. कपाळातून रक्त. बोटीला बाहेरून टांगलेल्या टायरला मिठी मारून ओकला, आणि मग "आई गं, आई गं" करून रडायला लागला. एवढा थोराड बाप्या. पाहुण्यांनी काठावर ओढून घेतला तेव्हा त्याची चड्डी घाण झालेली होती.

कुणी काही विचारायच्या आत मी बोलले.

"अवो, झालं काय एकाएकी? दोर तर हालला बी न्हाई."

मामाने कप खाली ठेवला. "धंदा बोटीचा, अन् पोरगं पाण्याला भितं व्हय?" पोहे तसेच राहिले. नकार फोनवर आला.

जखम भरत आली तेव्हा एक दिवस विलास चुलीपाशी येऊन बसला. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "वहिनी, म्या हिसका दिल्ता ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी भाकरी उलटली. "न्हाई, भाऊजी. मानूस भ्यालं की त्याला काय बी वाटतं."

त्याने मान हलवली. "व्हय, तसंच आसंल. उगं तुमाला बी घोर लावला." माफी मागितली हो त्याने माझी.

पुढे तो पाण्यात उतरलाच नाही. एकदा प्रयत्न केला. मांडीएवढ्या पाण्यात उभा राहून थरथरला आणि परत फिरला. नवरा चिडायचा, सासूबाई रडायच्या. मीच तोड काढली — माझ्या भावाच्या टोळीबरोबर त्याला ऊसतोडीला धाडला. ज्या कामातून सुटले म्हणून मी लग्नात खूश होते, त्याच कामाला. पाठीची वाट लागली त्याची. लग्न उशिरा झालं, टोळीतल्याच एका मुलीशी, सुनीताशी. स्वभावाने गरीब आहे.

यंदा दिवाळीला दोघं आली. पलीकडच्या काठाला देवीचं दर्शन, आम्ही बायका बोटीने निघालो. विलास आधीच मोटारसायकल घेऊन निघाला होता, लांबच्या रस्त्याने, फेरा मारून. बोटीत सुनीताने सहज विचारलं, हे बोटीत का बसत नाहीत ओ?

आणि मी सांगितलं. दोर, हिसके, ठोके यातलं काही नाही. तो कसा ओकला, कसा रडला, पाहुण्यांसमोर चड्डीत काय झालं, सगळं हातवारे करून. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. सुनीताही हसली. ती हसतेय हे बघून मी रडायची नक्कल पुन्हा करून दाखवली.

बोट काठाला लागली. विलास आमच्या आधी पोचून उभा होता. सुनीता उतरता उतरताच ओरडली, "जाऊबाईंनी समदं सांगितलं बरं का तुमचं!"

तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. मग मला उतरवायला हात पुढे केला. म्हणाला, "जपून, वहिनी. शेवाळ हाय."

मी तो हात धरला आणि उतरले.