उपाशी चादर

सोलापुरात राहून चादर न पांघरणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे अंबादास अण्णा. पौषातल्या थंडीतही ते स्वेटर, त्यावर जुना कोट आणि माकडटोपी अशा थाटात झोपत. पाहुण्याने कौतुकाने चादर मागितली, तर म्हणत, "ब्लँकेट घ्या की. चादर ठेवत नाय आमी."

अण्णा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. तरुणपणी त्याच कॅमेऱ्यावर त्यांनी एक भुताचा सिनेमा काढला होता, 'उपाशी चादर'. यंत्रमागावर विणलेली एक चादर झोपलेल्या माणसाला गिळते, मोठ्ठा ढेकर देते आणि सकाळी मालक तिची घडी घालून ती पुन्हा दुकानात ठेवतो. चादरीवरच्या मोराची चोच खालून दोरा ओढून हलवलेली, आणि तो दोरा स्पष्ट दिसतो. ढेकर खुद्द अण्णांचा. तेव्हा तो सिनेमा कुणी पाहिला नाही. अलीकडे कुणीतरी तो मोबाइलवर टाकला आणि कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतला. त्यात चादरीने गिळलेल्या कामगाराचा भाऊ मालकाच्या दारात ओरडतो, "माझा दादा पिलेला नव्हता!" हे वाक्य सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवरही ऐकू यायचं. कुणी चालताना अडखळला, की बरोबरचे तेच ओरडत.

एकदा मी चेष्टेने विचारलं, "अण्णा, चादर माणूस खाते, हे सुचलं तरी कसं?"

ते कॅमेऱ्याची काच पुसत होते. "सुचलं कुटं, सर? बघितलं की."

त्यांचा थोरला भाऊ नरसय्या चादरींच्या कारखान्यात होता. रात्रपाळी संपवून तो सकाळी गोदामात गठ्ठ्यांच्या आडोशाला जरा आडवा झाला आणि थप्पी अंगावर कोसळली. बाहेर काढला तेव्हा गुदमरून गेलेला होता. थप्पी छतापर्यंत रचायला मालकानेच लावलं होतं. पण त्याने सगळीकडे सांगितलं, दारू पिऊन पडला होता, हाका मारल्या तरी उठला नाही.

"दादानं सुपारीचं खांडसुदिक तोंडात टाकलं नाय कधी," अण्णा म्हणाले. "आई गेली, तर लोक म्हणाले, बेवड्याची आई गेली. मालकानं पांघरूण घातलं, सर. तेच दाखवलं मी. चादर घातली, माणूस गायब."

पांघरूण घालणं हा आपण रोज सहज वापरतो तो शब्दप्रयोग या माणसाने अक्षरशः घेतला होता, आणि सारं गाव त्यावर हसत होतं.

मग पोरांनी एका हॉलमध्ये सिनेमाचा खेळ ठेवला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, मला बरोबर घेऊन निघाले. "आज मोठ्या पडद्यावर बघतील. आता कळंल की," रिक्षात ते सारखे म्हणत होते. ढेकराला शिट्ट्या पडल्या. शेवटी अण्णांना मंचावर बोलावलं आणि आपल्या सोलापूरच्या रिवाजाप्रमाणे सत्काराची चादर त्यांच्या खांद्यावर घातली. हॉल खिदळला. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी चादर उतरवून खुर्चीवर ठेवली आणि माइक धरला.

"पोरांनो, ही गोष्ट खरी हाय. माझा दादा..."

"पिलेला नव्हता!" साऱ्या हॉलने वाक्य पूर्ण केलं, हात वर करून, हसत. अण्णा थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. त्यांनी माइक ठेवला आणि सावकाश खाली उतरले. त्या पोरांचा मला असा संताप आला होता की एकेकाच्या कानाखाली वाजवावी.

परतताना रिक्षात अण्णा माझ्याकडे वळले.

"सर, दादा गेला तवा एक माणूस हे बोलला नाय," ते म्हणाले. "शेजारी नाय, संगं काम करणारे नाय. आज एवढी माणसं बोलली." मग बाहेर बघत म्हणाले, "हसत का हुईना."

पुढच्या थंडीत अण्णा गेले. अंगावर घालायला म्हणून शेजारच्या काकू कोरी चादर घेऊन आल्या. ती मी दारातूनच परत पाठवली.